दुष्काळी वर्षात गोठा: किती गाई ठेवायच्या, कोणत्या सोडायच्या, चारा कसा पुरवायचा

सांगोला तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे पाच दुभत्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, दोन आटवलेल्या (दूध काढणं बंद केलेल्या) गाभण गाई आणि दोन कालवडी आहेत. रोजचं दूध ६५ लिटरच्या आसपास. पावसाने दगा दिला, मका गुडघ्याएवढी होऊन वाळली, बोअर तासाभरात गुळण्या टाकायला लागते. कडबा आणि विकतचा मुरघास (हिरवा मका कापून, हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) धरून दीड महिन्याचा चारा शिल्लक आहे आणि दुधाचा दर उतरलेला. वडील म्हणतात सगळी जनावरं विकून टाक. या तरुणाचा विचार असा, की वैरण आणि आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) थोडं थोडं कमी करून सगळ्याच गाई जूनपर्यंत ओढाव्यात.

दादा, मला दोन्ही पटत नाही. सगळा गोठा रिकामा करणं हा अगदी शेवटचा उपाय. पण सगळ्यांना अर्धपोटी ठेवणं त्याहूनही महागात जातं. गाई कमी करा, मात्र ज्या ठेवाल त्यांच्या पोटाला कमी पडू देऊ नका. आणि हा निर्णय आत्ता नोव्हेंबरातच घ्या. आमचा गोठा इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात आहे. २०१२-१३, २०१८-१९ आणि २०२३-२४ ही तिन्ही वर्षं गोठा चालू ठेवून काढली, त्यावरून सांगतेय.

आधी एका गोष्टीचा निकाल लावा: पिण्याचं पाणी. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागतं. तुमच्या नऊ जनावरांचं मिळून सहाशे ते सातशे लिटर झालं, गोठा धुणं वेगळं. तुमची बोअर मार्च-एप्रिलपर्यंत एवढं पाणी देईल का, हे गावातल्या जुन्या माणसांना आणि शेजारच्या बोअरवाल्यांना विचारून ठरवा. देणार नसेल आणि टँकर स्वतःच्या पैशाने घ्यावा लागणार असेल, तर ६५ लिटर दुधावर तो खर्च निघत नाही. मग वडिलांचं म्हणणं बरोबर आहे आणि जनावरं आत्ताच हलवलेली बरी. चारा दोनशे किलोमीटरवरून आणता येतो, पाणी रोजच्या रोज आणता येत नाही. पुढचं सगळं पिण्याच्या पाण्याची सोय आहे असं धरून लिहितेय.

आता अर्धपोटी ठेवण्याबद्दल. साडेचारशे किलो वजनाची, १३ लिटर देणारी गाय घ्या. तिच्या खाण्यातून जे पोषण मिळतं त्यातला जवळपास ४५ टक्के वाटा तिच्या शरीरालाच लागतो: श्वास, चालणं, रवंथ, अंगातली ऊब. उरलेल्याचं दूध होतं. शरीराचा वाटा पहिल्यांदा जातो, त्यात काटछाट होत नाही. त्यामुळे एकूण खाणं पाव भागाने कमी केलं की कमी पडणारं सगळं दुधाच्या वाट्यातून जातं, आणि १३ लिटरची गाय सातच्या आसपास येते. पाच गाईंचं पस्तीस लिटर. तेवढाच चारा आणि आंबोण पावणेचार गाईंना पोटभर घातलं, तर जवळपास पन्नास लिटर दूध निघतं. चारा तोच, कष्ट कमी आणि दूध पंधरा लिटर जास्त. हा हिशोब वडिलांना वहीत मांडून दाखवा.

यात एक फसगत आहे, आणि तिच्यामुळे चांगली चांगली माणसं चुकतात. खाणं कमी केलं की दूध लगेच पडत नाही. ताजी व्यालेली गाय सुरुवातीचे काही आठवडे अंगावरचं मांस-चरबी झिजवून दूध देत राहते. आपल्याला वाटतं, बघा, कमी खाण्यात भागतंय की! मग बरगड्या दिसायला लागतात, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडतात आणि गाय माजावर येणं थांबतं. आलीच तर मुका माज, म्हणजे बाहेरून न दिसणारा, आणि भरली तरी उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. दुष्काळाचा खरा तोटा इथे होतो. आत्ता नोव्हेंबरमध्ये गाभण राहिलेली गाय ऑगस्टमध्ये विते, म्हणजे हिरवा चारा हाताशी असताना. तीच गाय उपाशीपोटी उन्हाळाभर उलटत राहिली, तर पुढचं अख्खं वर्ष तिला भाकड सांभाळायचं. म्हणून या दोन-तीन महिन्यांत भरवण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. माज सकाळी लवकर आणि रात्री उशिरा बघायचा, तारीख लिहायची, एकविसाव्या दिवसाकडे नजर ठेवायची.

मग किती गाई ठेवायच्या? ते चाऱ्याच्या वजनावरून निघतं. दुभत्या गाईला आंबोण सोडून रोज साधारण आठ किलो कोरडा चारा लागतो. कोरडा म्हणजे त्यातलं पाणी वजा करून. गाभण आटवलेलीला तेवढाच आणि कालवडीला पाच किलो धरा. तुमच्या नऊ जनावरांचा रोजचा आकडा ६६ किलो होतो. पाऊस जूनमध्ये आला तरी पोटात जाण्याजोगा हिरवा चारा जुलैअखेरीआधी तयार होत नाही, म्हणजे आत्तापासून २७० दिवस. एकूण जवळपास १८ टन कोरडा चारा, आणि मुरघासाच्या भाषेत साठ टन. एवढा विकत घेण्याची ताकद तुमच्यात नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तीन दुभत्या, दोन गाभण आणि एक कालवड ठेवली तर हाच आकडा १२ टनांवर येतो. हातातला चारा आणि तीन जनावरं विकून येणारे पैसे यातून बारा टनांचा मोठा भाग उभा राहू शकतो.

कोणती विकायची, हा सगळ्यात अवघड भाग. बाजारात लगेच गिऱ्हाईक मिळतं ते दुसऱ्या वेताच्या ताज्या व्यालेल्या गाईला, आणि पैशाची नड असली की माणूस तीच सोडतो. मग गोठ्यात राहतात त्या नुसत्या खाणाऱ्या. म्हणून प्रत्येक गाईसमोर तीन गोष्टी लिहा: आजचं दूध, व्याल्याची तारीख आणि गाभण आहे की नाही. व्याल्याला आठ-नऊ महिने झालेत, दूध सहा-सात लिटरवर आलंय आणि तीन-चार वेळा भरूनही ठरली नाही, ती पहिली जायला हवी. भाव कमी येईल, तरीही. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झालाय, त्यामुळे भाकड गाईला आणि गोऱ्ह्यांना जवळजवळ गिऱ्हाईकच उरलेलं नाही. अशी गाय थोडं का होईना दूध देत असतानाच विकली जाते, आटली की नाही. कोणीच घेतली नाही, तर कालव्याच्या पट्ट्यातल्या पाहुण्यांकडे निम्म्या वाट्याने ठेवता येते. आमच्या भागात असे व्यवहार पूर्वीपासून होतात. वासराचा वाटा, दुधाचा वाटा आणि औषधाचा खर्च कोणाचा, हे मात्र आधी कागदावर लिहून घ्या.

दोन गाभण गाईंचं उत्तर त्यांच्या विण्याच्या तारखेत आहे. जी जून-जुलैमध्ये विणार, ती सोन्यासारखी सांभाळा. ती आटलेली असेपर्यंत तिला आंबोण थोडं लागतं आणि विते तेव्हा पाऊस असतो. जी मार्च-एप्रिलमध्ये विणार, तिच्याबद्दल माझं मत बहुतेकांना रुचत नाही: ती सात-आठ महिन्यांची गाभण असताना विकावी. एचएफ गाय चाळीस डिग्रीच्या उन्हात, हिरवा चारा नसताना व्याली, तर दुधाची चढती कमान येतच नाही आणि ते वेत शेवटपर्यंत सावरत नाही. हीच गाय पाणी असलेल्या भागातल्या माणसाला हवी असते आणि तिचे चांगले पैसे येतात. सांगोल्याच्या बाजारात भाव पडलेला असेल तर अकलूज, काष्टी, घोडेगाव, लोणी इथला अंदाज घ्या. तुमच्या भागात सगळ्यांनाच विकायचं असतं आणि घेणारा बाहेरचा असतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव आणखी उतरतो. आणि पाऊस झाला की तेच जनावर विकत घ्यायला दामदुप्पट मोजावे लागतात.

चारा विकत घेताना भाव किलोवर बघू नका, त्यातल्या कोरड्या भागावर बघा. समजा मुरघास सहा रुपये किलो मिळतोय आणि कडबा वजनावर पंधरा रुपये पडतोय. मुरघास स्वस्त वाटतो. पण मुरघासात कोरडा भाग तीस टक्के, म्हणजे खऱ्या चाऱ्याचा भाव वीस रुपये पडला. कडब्यात नव्वद टक्के, म्हणजे साडेसोळा. मुरघासात मक्याचे दाणे असतात, त्यामुळे त्याला चार पैसे जास्त देणं योग्यच. पण दाणे भरायच्या आधीच कापलेल्या मक्याचा, पिळला तर पाणी गळणारा मुरघास असेल, तर तुम्ही पाण्याचं भाडं भरताय. बॅग फोडून हात घाला. आंबट-गोड वास हवा. काळी-पांढरी बुरशी आणि कुबट वास असेल तर फुकट मिळाला तरी नको, बुरशीच्या विषाने गाभण गाई गाभडतात. माझ्या गोठ्यात अशा वर्षी दुभत्या गाईला पंधरा किलो मुरघास आणि चार किलो कडबा असं मिश्रण असतं. नुसता मुरघास परवडत नाही आणि नुसत्या कडब्यावर दूध टिकत नाही.

तुमच्या भागात या दिवसांत तीन धोके असतात, ते नीट वाचा. पहिला, रब्बी ज्वारी. पाण्याअभावी खुरटलेली, फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी अतिशय विषारी असते. उपाशी जनावर अशा रानात सुटलं तर धाप लागून, तोंडाला फेस येऊन अर्ध्या-एक तासात दगावू शकतं. पीक वाया गेलंय म्हणून जनावरं आत सोडण्याचा मोह होतो, तो टाळा. फुलोऱ्यानंतर कापून, चांगली वाळवून कडबा म्हणूनच वापरा. लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना तातडीने बोलवा. वेळेत इंजेक्शन मिळालं तर जनावर वाचतं.

दुसरा धोका उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. कारखाने सुरू झाले की स्वस्तात मिळतं आणि दुष्काळात तेच आधार असतं, पण त्यातलं ऑक्झालेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. महिनोन् महिने नुसतं वाढं खाल्लेल्या गाई व्याल्यावर बसतात, उठत नाहीत. वाढं एकूण चाऱ्याच्या निम्म्याच्या आत ठेवा, कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा आणि खनिज मिश्रण रोज द्या. तिसरा धोका युरिया. गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा मिळाला तर युरिया प्रक्रिया जरूर करा: शंभर किलो भुशाला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचा, कागदाने हवाबंद करून २१ दिवस झाकायचा. काढल्यावर थोडा वेळ पसरून वास उडू द्यायचा आणि हळूहळू सवय लावायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तो द्यायचा नाही. आणि युरियाची बादली गोठ्यात उघडी ठेवायची नाही. गाईने ते पाणी पिलं तर ती जगत नाही.

आंबोणाचा हिशोब सोपा ठेवा: शरीरासाठी दीड किलो आणि दर लिटर दुधामागे चारशे ग्रॅम. १३ लिटरच्या गाईला साडेसहा किलोच्या वर जातं. हे निम्मं करू नका. पण उलट टोकालाही जाऊ नका. वैरण संपत आली की लोक भरडा, शिळा भात, भाकरी, पीठ वाढवतात. त्याने पोट आंबतं, फॅट पडते, खूर दुखतात, गाय खाणं सोडते. पोटाला रवंथ करण्याजोगी लांब वैरण लागतेच, म्हणून कडब्याची कुट्टीही अगदी बारीक करू नका. पैसे वाचवायचे म्हणून खनिज मिश्रण बंद करणारे मी खूप बघितलेत. दिवसाचे थोडे रुपये वाचतात आणि गाय भरायची राहते.

दराबद्दल आपल्या हातात फार थोडं आहे. आपल्याकडच्या गाईच्या दुधाचा मोठा भाग भुकटी आणि बटरला जातो, त्यांचा बाजार पडला की दर खाली येतो, मग आपल्याकडे दुष्काळ असो नाहीतर सुकाळ. २०२३ ला नेमकं तेच झालं. ऑगस्ट कोरडा गेला, ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि जुलैत ३४ रुपये ठरवलेला दर वर्षाअखेर बऱ्याच ठिकाणी सत्तावीसच्याही खाली आला होता. हातात आहे ते ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) टिकवणं, कारण त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात होते. उपाशी गाईचा एसएनएफ आधी घसरतो. म्हणजे अर्धपोटी ठेवल्याने दूधही कमी आणि लिटरचा दरही कमी. एसएनएफ अचानक पडला तर प्रत्येक गाईच्या चारही सडांची दगडी (कासेची सूज) तपासा. बाहेरून न दिसणारी दगडी तपासणीच्या द्रावणाने कळते, डॉक्टरांकडे असतं ते. सगळ्या जनावरांच्या कानात बिल्ले आणि ऑनलाइन नोंद आहे ना, तेही बघा. २०२४ च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान आलं, तेव्हा बिल्ला आणि नोंद नसलेली माणसं मागे राहिली. अनुदान पुन्हा येईल असं धरून खर्च करू नका, पण आलं तर ते चुकायला नको.

सरकारी चारा छावणीच्या भरवशावर दुभत्या गाई ठेवू नका. २०१९ मध्ये तुमच्याच तालुक्यात किती छावण्या होत्या, ते तुम्हाला माहीत आहे. तिथे मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते १८ किलो हिरवा चारा मिळायचा, तोही बहुतेक ऊस. म्हणजे चार-पाच किलो कोरडा चारा. खिलार बैल आणि भाकड गाई त्यावर जगल्या, आणि त्यासाठी छावण्यांचे उपकारच मानायला हवेत. पण १३ लिटरच्या एचएफ गाईचं त्यात शरीरही भागत नाही.

फेब्रुवारीनंतर दुपारी गाई खात नाहीत, म्हणून चाऱ्याचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे टाका. पाणी गव्हाणीशेजारी चोवीस तास असू द्या, दोन वेळा दाखवून भागत नाही. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं तरी खालचा ताप बराच उतरतो. आणि बाजारातून किंवा पाहुण्यांकडून कोणतंही जनावर आत येण्याआधी लंपी आणि लाळ्या-खुरकूत या दोन्हींची लस झालेली असू द्या. दुष्काळात जनावरांची ने-आण वाढते आणि रोगही त्यांच्याबरोबर फिरतात.

वडिलांचं सगळंच चुकीचं नाही. डेअरीची उचल (दुधावर आगाऊ घेतलेले पैसे) आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असेल, तर त्यांची भीती खरी आहे. त्यांच्यासोबत बसून तीन गाईंच्या दुधातून डेअरीच्या दर दहा दिवसांच्या पगारात (दुधाच्या बिलात) उचल वजा जाता किती राहतं, ते काढा. आंबोण आणि चाऱ्याचे पैसे सुटत नसतील, तर आणखी एक गाय कमी करा. नवीन कर्ज काढून चारा घ्यायचा झाला, तर आधी बँकेत पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करा. वेळेत फेडलं तर त्याचं व्याज खाजगी उचलीपेक्षा कितीतरी कमी पडतं.

तुम्ही पाचही दुभत्या गाईंच्या व्याल्याच्या तारखा लिहिल्या नाहीत, त्याशिवाय नेमकी कोणती सोडायची ते मी सांगू शकत नाही. त्या तारखा, शेवटचं भरवणं आणि आजचं दूध एवढं कळवा. गाभण गाईंच्या पोटातल्या महिन्यांची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, मालक सांगतो आणि असतो त्यात पुष्कळदा महिन्याभराचा फरक निघतो. मग एकेक गाय धरून बोलू.